नातालीनाच्या खुंटीवरची टोपी

मी टोपी बोलतेय. गव्हाच्या काड्यांची, रुंद काठाची, उजव्या बाजूला थोडी दबलेली. टोपीला डोकं नसतं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण दुसऱ्याच्या डोक्यावर बसून जे कळतं ते कळायला स्वतःचं डोकं लागत नाही. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याच्या कपाळाला घाम फुटतो, आणि त्याच्या बायकोच्या आधी तो मला कळतो.

माझा जन्म डोंगरापलीकडच्या गावातला. तिथल्या बायका दारात बसून भिजवलेल्या काड्यांची वेणी घालतात आणि ती वेणी गोल गोल शिवत नेतात. मला विणणाऱ्या बाईचं तोंड एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून मीही अशी बडबडी निघाले असेन. जत्रेत मला बात्तिस्ताने उचललं आणि काला रोस्सा या समुद्रकाठच्या गावात आणलं.

बात्तिस्ता होडीवाला. त्याची बायको नातालीना आपल्या उंच, अरुंद घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायची. पाहुण्यांना आणायला बात्तिस्ता स्टेशनावर संध्याकाळच्या गाडीवर जायचा आणि मला डोक्यावरून काढून गर्दीवर हलवायचा. टोपी दिसली की पाहुण्यांचा जीव भांड्यात पडायचा. ते दिवस माझे फार सुखाचे होते.

मग एका हिवाळ्यात बात्तिस्ता तापाने गेला आणि मी जिन्याखालच्या खुंटीवर राहिले. पुढच्या ऑगस्टमध्ये तोरिनो शहरातून नेहमीचं जोडपं आलं, ओत्तावियो आणि एलीदे. ओत्तावियो ट्राम चालवायचा. डोक्यावर केस नावाला नव्हते, आणि पहिल्याच दिवशी त्याचं टक्कल टोमॅटोसारखं झालं. नातालीनाने मला खुंटीवरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"घाला. नुसती टांगून ठेवली तर तडकेल ती."

ओत्तावियोने मान हलवली. त्या दिवसापासून मी त्याची झाले. वर्षातले अकरा महिने तोरिनोच्या खुंटीवर आणि ऑगस्टमध्ये पुन्हा माहेरी.

ओत्तावियो भला माणूस. फक्त 'नाही' हा शब्द त्याच्या घशात अडकायचा. दारावर कोणी झाडू विकायला आलं तरी हा घेऊन ठेवायचा. एलीदे त्याच्या अगदी उलट. हातमोज्यांच्या दुकानात शिलाई करून करून तिची जीभही सुईसारखी झाली होती, पण मनात काही ठेवायची नाही. दरवर्षी निघताना ती नातालीनाला म्हणायची, "पुढच्या ऑगस्टला." नातालीना म्हणायची, "खोली तुमचीच आहे." ना चिठ्ठी, ना निरोप. तेवढ्यावर सगळं ठरलेलं असायचं.

मग एलीदेचा गुडघा गेला.

त्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर टेकडीवरच्या नव्या हॉटेलाचं रंगीत पत्रक आलं. एलीदे ते पुन्हा पुन्हा चाळायची. "लिफ्ट आहे. न्हाणीघर खोलीतच. नातालीनाचा जिना गेल्या वर्षी मी बसून बसून चढले, ओत्तावियो. पोरांसारखी. यंदा नाही जमायचं."

"तिला काय वाटेल?"

"वाईट वाटेल. पण सांगितलं तर समजून घेईल. तूच कर फोन. माझ्यापेक्षा तुझ्यावर तिची माया जास्त आहे."

फोन माझ्या खुंटीखालीच होता, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याने आकडे फिरवले आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आठवडाभर तो फोनकडे न बघता जायला लागला. शेवटी एलीदेनेच विचारलं.

"केलास?"

"केला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गुडघा आधी. मनाला लावून घेऊ नका."

"इतक्या सहज? थोडं तरी रागवायला हवं होतं तिने," एलीदे म्हणाली आणि भांडी घासायला गेली. नळ तसाच वाहत होता, बराच वेळ.

ऑगस्टमध्ये आम्ही काला रोस्साला उतरलो ते सकाळच्या गाडीने. स्टेशनावरून हॉटेलाच्या मोटारीत बसताना ओत्तावियोने मला भुवयांपर्यंत खाली ओढलं. मोटार बंदरावरच्या रस्त्याने गेली. माझं घर, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं, डाव्या हाताला आलं आणि मागे पडलं. एलीदेने वळून पाहिलं. ओत्तावियोने उजवीकडचा डोंगर पाहिला.

हॉटेल चांगलं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. लिफ्ट गुळगुळीत चालायची आणि एलीदेचा उतरलेला चेहरा दोन दिवसांत खुलला. पण तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चल, नातालीनाला भेटून येऊ. आपण आलोय हे तिला ठाऊक असून ती फिरकली नाही, म्हणजे मनात काहीतरी आहे."

"ती गावात नाही. बहिणीकडे गेलीय, सावोनाला."

"ऑगस्टमध्ये? घर पाहुण्यांवर टाकून?"

"बहीण आजारी आहे."

अशा रीतीने त्याने सावोनातल्या एका धडधाकट बाईला अंथरुणावर झोपवलं. ती रात्रभर बिचारी खोकली असेल.

मला तो कपाटात ठेवायला लागला. मी गावात बात्तिस्ताची टोपी म्हणून ओळखीची. मला घालून बाहेर पडणं म्हणजे नावाची पाटी लावून फिरणं. पण एलीदे सोडते कुठली. "डोकं भाजून घ्यायचंय का? टोपी घाल." मग तो मला घालायचा आणि मागच्या बोळांतून, भिंतीला धरून चालायचा. भर उन्हाळ्यात समुद्राला आलेला माणूस सावली शोधत हिंडत होता. आणि मी? मी त्याचं तोंड झाकत होते. पाहुण्यांना घर सापडावं म्हणून जी हवेत हलायची ती मी, घर चुकवायच्या कामी आले होते. काड्यांना लाज वाटते की नाही ते तुम्ही ठरवा.

एका सकाळी तो फोकाच्चा, तिकडचा चपटा पाव, घ्यायला बेकरीत शिरला. बेकरीवाली पिनुच्चा पिठाने माखलेले हात पुसत पुढे आली आणि थबकली.

"आलात का? कधी आलात? अहो, नातालीनाचा जीव टांगणीला लागलाय. रोज संध्याकाळच्या गाडीवर जाऊन उभी असते. तोरिनोला फोन लावला तर कोणी उचलत नाही म्हणे. काल मला म्हणाली, एलीदेचं काही बरंवाईट तर झालं नसेल ना."

माझ्या आतली पट्टी एका क्षणात ओली झाली.

"खोली आवडली का?" पिनुच्चा विचारत होती.

"कुठली खोली?"

"अजून घरी गेलाच नाहीत होय? मग मी नाही सांगत. नाही, सांगतेच. स्वतःची खालची खोली तिने तुम्हाला काढून ठेवलीय. चुना दिलाय, पलंग बुटका करून घेतलाय, भिंतीला धरायला दांडा बसवलाय. स्वतः वर माळ्यावर झोपते. म्हणाली, एलीदेला गेल्या वर्षी जिन्यावर बसून चढताना पाहिलं, तेव्हाच ठरवलं. अचानक दाखवायचं होतं तिला. मिलानोचे लोक आले होते खोली मागायला, त्यांना परत पाठवलं."

ओत्तावियो फोकाच्चा न घेताच बाहेर आला. समुद्राच्या भिंतीवर बसला आणि त्याने मला काढून गुडघ्यावर ठेवलं. ऊन टकलावर पडत होतं. पडू दिलं.

संध्याकाळी तो स्टेशनावर गेला. गाडी येऊन उभी होती, माणसं उतरत होती, आणि त्या गर्दीच्या पलीकडे नातालीना टाचा उंचावून एकेक दार बघत होती. तिने चांगला निळा झगा घातला होता. ओत्तावियो तिच्या मागून आला, पण तिने वळून पाहिलं तेव्हा तिला आधी मीच दिसले. मला बघून तिचा चेहरा जो उजळला, तो बघण्यापेक्षा मी चुलीत गेले असते तर बरं.

"आलात. देवा, आलात एकदाचे. एलीदे कुठंय? सामान कुठंय? थांबा, मी हमाल बघते."

गाडी तिथंच उभी होती. आत्ताच उतरलो, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. ते वाक्य त्याच्या डोक्यात आलं होतं, मी शपथेवर सांगते. कपाळावरची शीर उडत होती. मग त्याने मला काढलं.

"नातालीना, आम्ही रविवारी आलो. टेकडीवरच्या हॉटेलात उतरलोय."

तिला कळायला वेळ लागला. "एलीदे बरी आहे?"

"बरी आहे. गुडघा तेवढा. तिथं लिफ्ट आहे म्हणून..."

"जिवंत आहे. बरी आहे. आणि रविवारपासून इथं आहे." ती एकेक शब्द उचलून बघत होती. "हॉस्पिटलांना फोन करायचे तेवढे बाकी होते, सिन्योर ओत्तावियो."

इतकी वर्षं ती त्याला नुसतं ओत्तावियो म्हणायची.

"मी कळवायला हवं होतं. फोन हातात घेतला होता. धीर झाला नाही. तिला सांगितलं की तुमच्याशी बोललो. तिला यातलं काही माहीत नाही."

"म्हणजे तिलाही फसवलंत."

मी त्याच्या बोटांत गोल गोल फिरत होते. नातालीना जायला वळली, आणि जाता जाता म्हणाली, "टोपी घाला. ऊन आहे अजून."

एक थोबाडीत मारली असती तर त्याला हलकं वाटलं असतं.

हॉटेलवर जाऊन त्याने एलीदेला सगळं सांगितलं. बहिणीच्या आजारासकट. एलीदे ओरडली नाही. पायांत बूट चढवले, काठी घेतली. "मला ती खोली दाखव."

टेकडीची उतरण तिने काठी टेकत, त्याचा हात न धरता पार केली. नातालीनाने दार उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"मला वाटलं, तुला आमचं काहीच वाटत नाही," एलीदे म्हणाली. "तीन दिवस मी तुझ्यावर रागावून बसले होते."

"आणि मी तुझ्यासाठी मेणबत्त्या लावत होते. आत ये."

एलीदे बुटक्या पलंगावर बसली. दांड्याला हात लावून पाहिला. उशीवर नातालीनाच्या लग्नातला भरतकामाचा अभ्रा होता. "मी इथं येते. आत्ताच सामान आणू दे त्याला."

"नको," नातालीना म्हणाली. "पाहुणी म्हणून आली असतीस तर खांद्यावर बसवून आणलं असतं. वाईट वाटतंय म्हणून येशील तर झोप लागायची नाही, तुलाही आणि मलाही. राहा तिथंच. दुपारी येत जा."

मग एलीदे रोज दुपारी जायची. दोघी पलंगावर पाय पसरून शेंगा सोलायच्या आणि माणसांना नावं ठेवायच्या. ओत्तावियो दाराबाहेरच्या बाकावर बसायचा. नातालीना त्याला कॉफी आणून द्यायची, साखर विचारायची, आणखी काही विचारायची नाही. तिने एलीदेला माफ केलं होतं. एलीदेचं चुकलंच काय होतं. त्याचं काय केलं ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

निघायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आत आला आणि मला जिन्याखालच्या खुंटीवर टांगून उघड्या डोक्याने बाहेर पडला. नातालीनाने पाहिलं. मला घेऊन ती दारापर्यंत गेलीही. तो कोपऱ्यावर पोचला होता, हाक ऐकू गेली असती. तिने हाक मारली नाही. मला परत टांगताना तिचा हात माझ्या दबलेल्या बाजूवर जरासा थांबला.

गेला हिवाळा मी इथंच काढला. एक काठ उसवलाय. वाळत घातलेल्या चादरी आणायला जाताना नातालीना कधी मला घालते, पण तिच्या डोक्याला मी मोठी होते.

परवा फोन वाजला. ओत्तावियो फोनवर नेहमी ओरडून बोलतो, त्यामुळे मला खुंटीवर सगळं ऐकू आलं. म्हणाला, खालची खोली मिळाली तर आम्हाला यायचंय. नसेल द्यायची तर तसं सांगा, मी एलीदेला जसंच्या तसं सांगेन. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

नातालीनाने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडवली. "एलीदेला म्हणावं, खोली तयार आहे. तुमचं बघू."

आता जुलै संपत आलाय आणि ते 'बघू' मी रोज मनात उलटंपालटं करून बघते. ऑगस्टमध्ये ती मला ओत्तावियोच्या डोक्यावर ठेवेल, की एखाद्या मिलानोवाल्याला देऊन टाकेल, मला माहीत नाही. त्याच्या लपण्याला मी आडोसा दिला होता, तेव्हा जे होईल त्याबद्दल तक्रार करायचा मला हक्क नाही.

तुम्हीही उन्हाळ्यात कुठं ना कुठं जात असाल. हवं तिथं उतरा. लिफ्ट बघा, खिडकी बघा, स्वतःचे गुडघे बघा. त्यात पाप नाही. फक्त तुमच्यासाठी कोणी पलंग बुटका करून ठेवत असेल, तर त्या माणसाला नाही म्हणून सांगा. गाडीवर उभं राहायला लावू नका.