दोन गादीवाल्यांची एक वेबसाइट

"तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही माझी वेबसाइट शेजारच्याला देऊन टाकलीत!" थोरले गादीवाले दारातूनच गरजले. हातातला मोबाइल त्यांनी तिच्या नाकासमोर नाचवला.

सकाळपासून ती नुसती हवेत होती. नोकरी सोडून घरच्या टेबलावर वेबसाइटचं काम सुरू केलं आणि पहिल्याच झटक्यात दोन गिऱ्हाइकं! सख्खे भाऊ, दुकानं भिंतीला भिंत लागून; वडिलांच्या माघारी वाटण्या झाल्या, तेव्हापासून बोलणं मात्र बंद. दोघंही एकेकटे येऊन काम देऊन गेले होते.

आणि काम तरी किती मजेचं! पूर्वी एकेक बटण हाताने रचण्यात महिना जायचा. आता कंपोनंट लायब्ररीत सगळे तुकडे तयार: वरचा मोठा फलक, मालाचे चौकोन, 'आमच्याविषयी'ची जागा, चौकशीचा फॉर्म. उचलायचे, जोडायचे, रंग आणि मजकूर तेवढा आपला. काल धाकट्याची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा तिने सासूबाईंना स्वयंपाकघरातून ओढतच आणलं होतं. "अगं, हात तर पुसू दे!" त्या म्हणत होत्या, पण बटण त्यांनीच दाबलं.

आणि आज हे बालंट.

"काका, बसा आधी. तुकडे सगळ्यांना सारखेच असतात, निवड ज्याची त्याची. दहा निळे रंग समोर ठेवले, तुम्ही दोघांनी एकच उचलला. फलकही तोच. एका घरात वाढलेल्यांचं असं होत असेल."

हे बोलायला नको होतं. खरं तर दोघांची निवड सारखीच येतेय, हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात ती आपली जोडतच गेली होती.

"घर काढू नका! उद्यापर्यंत त्याची बदला, नाहीतर माझं काम बंद. आणि बाजारभर सांगेन, ही बाई एकच माल दोघांना विकते."

नव्या धंद्याला एवढी बोंब पुरे होती.

"दाखवा, आणखी काय काय उचललंय त्याने," काका म्हणाले.

ती पान खाली सरकवू लागली. फलक, गाद्या, उशा. मग 'आमच्याविषयी'. तिथे एक जुना फोटो होता: ताठ उभा राहिलेला लहान मुलगा, आणि त्याच्या खांद्यावर मोठ्या माणसाचा हात. हात मनगटापर्यंतच. पुढे कात्रीची वाकडी कड. कुणाचा हात, असं धाकट्यांना विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

काका पडद्यावर वाकले.

"हाच लावलाय त्याने?"

"दुसरा नाही म्हणाले."

काकांनी सावकाश खिशातून पाकीट काढलं. आपल्या वेबसाइटवर लावायला त्यांनीही एक फोटो आणला होता. त्यात वडील होते, शेजारी लहानपणचे काका, आणि वडिलांचा दुसरा हात कडेशी येऊन तुटला होता.

"वाटणीच्या दिवशी कात्री मीच चालवली," ते म्हणाले. "मला वाटलं, त्याने आपला तुकडा कधीच फेकला असेल."

तिने त्यांचा फोटो पडद्याशेजारी धरला.

"जोडता येतात का हे?"

"येतात की! रुंद फोटोचा तुकडा आहे ना लायब्ररीत!" तिने लगबगीने त्यांच्या फोटोची प्रत घेतली, दोन्ही भाग शेजारी सरकवले. कात्रीची रेघ दिसत होती, पण हात जिथल्या तिथे बसला. ती जवळजवळ ओरडलीच, "बसला, काका!"

"त्याच्या वेबसाइटवर लावा."

"आणि तुमच्या?"

"मला नुसता दुकानाचा पत्ता पुरे. रंगही दुसरा द्या. निळा त्याने आधी घेतलाय."

"पण त्यांना विचारल्याशिवाय कसा लावू? काय सांगू त्यांना?"

काका दारापाशी थांबले. "सांगा, लायब्ररीत तो तुकडा असाच तयार मिळतो."

ते जिना उतरू लागले. आपला अर्धा फोटो त्यांनी टेबलावरच ठेवला होता.