मागच्या कॉलमखालची माती

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्यालगत रुपालीताईंची इमारत उभी राहायची होती. खाली दुकानं, मधे क्लासला भाड्याने द्यायचा हॉल आणि सगळ्यात वर त्यांचा स्वतःचा शिवणकामाचा कारखाना. इस्टिमेट सॅमसन सरांच्या ऑफिसातल्या इंजिनिअर ग्रेसने केलं होतं, बँकेने ते मान्यही केलं होतं, आणि तरी ग्रेसच्या जिवाला चैन नव्हती.

झालं होतं असं. शेजारच्या प्लॉटवाल्याने मागे, ओढ्याच्या अंगाला, टाकीसाठी खड्डा घेतला होता. ग्रेस सहज डोकावली. आत उतरलेल्या माणसाचं डोकंसुद्धा वर दिसत नव्हतं, आणि तळापर्यंत नुसती काळी माती, पावसात फुगणारी, इमारतीचा भार न पेलणारी. रुपालीताईंच्या प्लॉटवर मातीची तपासणी झाली होती ती पुढे, रस्त्याकडेला. तिथे कमरेएवढ्या खोलीवर घट्ट मुरूम लागला, म्हणून तिने मागच्या कॉलमनाही तेवढाच पाया धरला होता. मागच्या बाजूलाही तपासावं असं मनात आलंही होतं. पण पाया खोल गेला की खर्च वाढून वरचा मजला जाणार, आणि त्या मजल्याबद्दल बोलताना रुपालीताईंचा चेहरा कसा फुलायचा, ते तिने पाहिलं होतं. ती गप्प बसली.

आता ते गप्प बसणं तिला टोचत होतं. ऑफिसात ती खुर्चीवर बसेना. बाटली भरून आणली, न पिताच ठेवून दिली. शेवटी सॅमसन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, रुपालीताईंच्या प्लॉटवर मागे खड्डा घेऊन बघू या."

"ग्रेस, भूमिपूजन तोंडावर आलंय. खोदताना काळी माती लागली तर तेव्हा सांगू, जादा काम म्हणून बिलात लावू. सगळेच लावतात."

"तोवर त्यांनी कर्ज उचललेलं असेल. मग त्या मागे कशा फिरणार?"

सर स्क्रीनकडे वळले. "जायचं तर जा. पण काम हातचं गेलं, तर ते तुझ्यामुळे गेलं."

रुपालीताई घराच्या पडवीत शाळेचे गणवेश शिवत होत्या. शेजारी त्यांचे दीर वैजनाथ चहा घेत बसले होते. ग्रेसने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

वैजनाथ भडकले. "आदी गोड बोलून बँकेत नेलं, आन आता पाया वाढवत्यात! वहिनी, धंदा हाय यांचा."

रुपालीताईंनी मशीन थांबवलं. "मॅडम, तुमाला हे आदी वाटलं हुतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"वाटलं होतं. तुमचा कारखाना जाईल म्हणून बोलले नाही."

"मंजी दया केली तुमी माझ्यावर." आवाज जराही चढला नव्हता. ग्रेसला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रुपालीताईंच्या सांगण्यावरून मागच्या कोपऱ्यात जेसीबी लागला. बादलीमागून बादली काळी मातीच वर येत राहिली. ग्रेस काठावर येरझाऱ्या घालत होती. आपली शंका खोटी ठरावी, असंच तिला मनातून वाटत होतं. पिवळसर मुरूम दिसला तेव्हा जेसीबीचा हात जवळजवळ पुरा खाली गेला होता.

"मागचं सोडून द्या," वैजनाथ म्हणाले. "पुडं निस्ती दुकानं बांदू. भाडं तरी यील."

"दुकानं तुमाला पायजेत, भाऊजी. मला कारखाना पायजे." रुपालीताई खड्ड्यात बघत होत्या. मग ग्रेसकडे वळल्या. "पाया तीन मजल्यांचाच घालायचा, पक्का. त्याच्यावर सध्या एकच मजला, त्यात कारखाना. दुकानं, हॉल जमंल तवा. बँकेच्या पैशात बसंल का?"

"बसेल असं वाटतं. पण हिशेब मांडल्याशिवाय शब्द देणार नाही."

"मांडा. पर या खेपेला मला काय वाटंल, ते त्यात धरू नका."

वैजनाथ गाडीला किक मारून निघून गेले. भूमिपूजन पुढे ढकललं गेलं. काम हातचं गेलं नाही, पण सॅमसन सर ग्रेसशी कामापुरतंच बोलू लागले. नवं इस्टिमेट घेऊन ती गेली, तेव्हा रुपालीताईंनी एकेक ओळ विचारून घेतली. चहाचं नाव काढलं नाही. सही मात्र केली.

पाया भरायला घेतला त्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, ग्रेस साइटवर गेली आणि प्रत्येक खड्ड्यात स्वतः वाकून बघत फिरली. मुरूम दिसत होता. तरी ती पुढच्या खड्ड्याकडे वळली.