कुलपाशी अहोजाहो

ताईच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालाने अजून उत्तर दिलं नव्हतं. 'तुझ्याकडे राहायला येऊ का? महिनाअखेरपर्यंत कळव, नाहीतर मी वृद्धाश्रमात जाते,' असं तिने लिहिलं होतं. तिला फोनवर ऐकू येत नसे. ये म्हणावं तर मुलगा काय म्हणेल, नको म्हणायला जीभ रेटेना. शेवटी आज त्याने 'ये' असं लिहून पाकीट चिकटवलं. आजचं टपाल चुकलं, तर पत्र वेळेत पोहोचणार नव्हतं.

खिडकीतून पाहतो तर पोस्टमन टपालपेटीकडे निघालेला. ग्रंथपाल दाराकडे धावला. तिथे मुलाने नुकतंच बसवलेलं, आतूनही आवाजावरच उघडणारं कुलूप होतं.

"अहो, जरा उघडता का?" तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने बोला," कुलूप म्हणालं.

तीनदा तेच झालं. त्याने मुलाला फोन लावला.

"बाबा, त्याला अहोजाहो कसलं करताय? ते काय तुमचे व्याही आहेत? ठणकावून सांगा!"

"मला नाही जमत रे तसं."

"मग बसा घरात! एवढं अडलंय तरी काय?"

बाहेर पोस्टमन पेटी उघडत होता.

"माझी ताई इथे राहायला येणार आहे!" तो ओरडला. "माझ्या खोलीत राहील ती!"

त्याच चढ्या आवाजात तो दाराकडे वळला. "दार उघड!"

खट्‌कन कुलूप उघडलं. तो अनवाणीच धावला आणि पोस्टमनच्या थैलीत त्याने पत्र टाकलं.