जुन्या विटांचा रकाना

माल

"जुनी वीट लिहायला रकानाच नाहीये, रावसाहेब." भालचंद्र कारकुनानं भोपाळहून आलेला छापील तक्ता पुढे सरकवला. "ईंट, नई. बस. त्याच्यानंतर सीधा मलबा."

"मग एक रकाना आखून घे."

"आखला होता. त्यांनी खोडून वापस पाठवला. तुम्ही पण ना, माझी नोकरी घालवाल."

जयसिंहराव ओव्हरसियर. आधी ग्वाल्हेर संस्थानचे, मग मध्यभारताचे, महिन्याभरापासून मध्यप्रदेशचे. खुर्ची तीच, तिचा एक पाय आखूड. संस्थानची फौज मोडली, रिसाल्याची बराक पाडली, तेव्हा तिच्या चाळीस हजार विटा त्यांनी चुना खरवडून रचून ठेवल्या होत्या. चुन्यात बांधलेली वीट अख्खी सुटते. बिर्लानगरचा दवाखाना तेवढ्यात उभा राहिला असता. त्याऐवजी आता भट्टी पेटवायची, रेल्वेची अर्धी वाघीण कोळसा जाळायचा, धूर बिर्लानगरच्याच छातीत भरायचा आणि मग त्या छात्यांसाठी दवाखाना बांधायचा.

स्थिती

शनिवारी नवे इंजिनिअर दौलतसिंह आले. जयसिंहरावांनी दोन जुन्या विटा एकमेकींवर आपटल्या. खणखणल्या. भट्टीवाल्यानं नमुन्याला दिलेल्या नव्या दोन आपटल्या. भद्द वाजल्या.

"पुरानी अच्छी है, मानता हूँ," दौलतसिंह म्हणाले. "आप नई लिख दीजिए, राव साहब. लगाइए पुरानी. किस्सा ख़त्म."

"नवी लिहिली की भट्टीला कोळसा सुटतो. तो कुठं जाईल?"

"जलेगा कहीं. वो मेरा विषय नहीं है."

"म्हणजे मी खोटं लिहायचं, आणि कोळसा जळायचा तो जळायचाच?"

दौलतसिंहांनी घड्याळ पाहिलं. जयसिंहरावांनी नवी लिहिलं नाही.

शेरा

सोमवारी हुकूम आला: विटा फोडून रस्त्याच्या भरावात टाकाव्यात. जयसिंहरावांनी तक्ता ओढला. मलबा: चाळीस हजार विटा. स्थिती: साबूत. सही, तारीख.

"हे पण खोडतील," भालचंद्र म्हणाला.

"खोडू देत. खोडायला आधी वाचावं लागतं."

बाहेर अनसूयाबाई हातोडा घेऊन बसली होती. तिचा नवरा त्याच बराकीत शिपाई होता. चुना खरवडायलाही तीच होती. पहिल्या घावाला वीट फुटली नाही. तिनं वर पाहिलं.

"मारू का, साहेब?"

"मार."

ते आत गेले नाहीत. दुपारभर तिथंच उभे राहिले.