एकोणीस नावांपुढं एकच शब्द

शिवलीला हुगार गदग जिल्ह्यातल्या रोणजवळच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची; तिकडं शिक्षिकेला 'अक्कोरे' म्हणतात. दहावीच्या मुलींना पुढची वाट दाखवण्याचं कामही तिच्याचकडे होतं. दोन महिने रोज शाळा सुटल्यावर तिनं एकेकीला समोर बसवून विचारलं, पुढं काय करायचं म्हणतेस? कुणाला नर्सिंग हवं होतं, कुणाला शेतकी पदविका. दोघींना काही केल्या ठरवता येईना. नीलव्वा तळवार मात्र विचारायच्या आधीच म्हणाली, "आयटीआय, अक्कोरे. वायरमन." गल्लीतले बिघडलेले मिक्सर तीच उघडून बसायची. प्रत्येकीनं आपल्या हातानं पसंतीचा अर्ज भरला, शिवलीलानं घरोघर जाऊन पालकांच्या सह्या आणल्या आणि गठ्ठा मुख्याध्यापक गौडर सरांकडे दिला.

महिन्याभरानं जिल्ह्याला गेलेल्या यादीची प्रत तिच्या हाती लागली. एकोणीस नावं, आणि त्यांच्यापुढं वरून खालपर्यंत एकच शब्द. शिवणकाम.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. सर कागदावर घेतलेलं गिरमिट, तेल-तिखट लावलेले चुरमुरे, खात होते.

"सर, मुलींनी हे लिहिलं नव्हतं."

"बसा अक्कोरे. एकोणीस जणींचं एकोणीस तऱ्हांचं लिहिलं, तर जिल्ह्यातून एकोणीस प्रश्न येतात. आणि शिवण कधी वाया जात नाही. सासरी उपयोगी पडतं."

"मुलांच्या यादीत मात्र ज्याचं त्याचं वेगळं आहे."

"त्यांना घर चालवायचंय."

"नीलव्वाचा बाप जाऊन चार वर्षं झाली. तिथं घर कोण चालवतं?"

"मनाला लावून घेऊ नका हो. पोरींचं पुढचं आपोआप ठरतं."

तेवढ्यात तिची नजर गिरमिटाखालच्या कागदावर गेली. तेलाच्या डागातून नीलव्वाचं तिरपं अक्षर दिसत होतं. शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं कागद ओढला, चुरमुरे टेबलावर झटकले, कपाटावरचा उरलेला गठ्ठा उचलला आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "यादी आता बदलत नाही. पण बाई, ती नुसती माहितीसाठी असते. प्रवेशाचा अर्ज मुलीनं स्वतः भरायचा. तिला कोण अडवतंय?"

कोण अडवतंय ते गावात कळलं. सरांनी पालकांच्या सभेत यादी वाचून दाखवली होती.

"सरकारनंच शिवण ठरवलंय ना अक्कोरे," एकीची आई म्हणाली, "मग आम्ही कोण मधे बोलणार?"

"सरकारनं नाही, सरांनी ठरवलं. तुमच्या लेकीला न विचारता."

"सर काय वाईट सांगतील?"

ती पुन्हा एकोणीस उंबरे चढली. आठ घरांनी ऐकलं. नीलव्वाला गदगच्या आयटीआयमध्ये जागा मिळाली; वर्गात मुलगी ती एकटीच. बाकी अकराजणी पंचायतीच्या खोलीत एका शिवणयंत्रावर पाळीपाळीनं बसल्या.

जूनमध्ये मुलींना वाट दाखवण्याचं काम शिवलीलाकडून काढून घेतलं गेलं. ती आता दर रविवारी दहावीच्या मुलींना आपल्या घरी बोलावते. पण पंचायतीच्या खोलीवरून जायचं झालं, की ती अजूनही मागच्या गल्लीनं जाते.