जागच्या जागी चोवीस हजार पावलं

मित्रांनो, मी एक जुना लंबक आहे. भिंतीवरच्या घड्याळात, काचेच्या दाराआड डावी-उजवीकडे झुलणारी पितळी चकती आणि तिची दांडी दिसते ना, तो मी. माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. वेळ बघायची तर लोक काट्यांकडे बघतात. काटे मिरवतात आणि मी राबतो, हा आमच्या घड्याळातला जुना रिवाज आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार माझ्याबद्दलच आहे, आणि ती ऐकून घ्यायला दुसरं कुणी भेटलं नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिराने मला घासून-पुसून असं लखलखीत केलं की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. तिथून मी एका शाळेच्या कचेरीत गेलो आणि चाळीस वर्षं तिथेच झुललो. शिपाई आमच्या घड्याळाकडे बघून टोल द्यायचा. मुख्याध्यापक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्याकडे कधीच रजा न घेणारा हा एवढा एकच!" मग एक दिवस बॅटरीवरचं घड्याळ आलं आणि आमची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, मोडक्या बाकांच्या खाली. गरज सरो आणि वैद्य मरो. माझी चकती कळकून हिरवी पडली, दांडीला कोळ्याने जाळं विणलं. सहा-सात वर्षं मी तसाच पडून होतो.

तिथून मला बाहेर काढलं मास्तरांनी. ते शाळेतले मास्तर नव्हेत बरं का. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि हातात कला अशी की सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. तीन आठवडे ते आमच्या घड्याळाशी झटत होते. एकेक चाक सोडवलं, धुतलं, तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घेऊन जिथल्या तिथे टेकवला. मग मला अडकवून बोटाने हलकेच ढकललं आणि कान देऊन ऐकत राहिले. "चाललं गं बाई!" असं ते ओरडले तेव्हा दुकानात बाई कुणीच नव्हती. आम्हाला त्यांनी विकलं नाही. स्वतःच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं. त्या माणसाने मला दुसरा जन्म दिला, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

मास्तर दिवसभर स्टुलावर बसायचे. डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, पाठीला कमान. हालचाल म्हणाल तर एवढीच, की बाजूचा किल्लीवाला चहा घेऊन आला की मान वर करायची. पोट पुढे आलं होतं. गोड दिसलं की हात आवरायचा नाही.

एकदा डॉक्टरीणबाई आपलं मनगटी घड्याळ न्यायला आल्या आणि दारातच कडाडल्या.

"मास्तर, रिपोर्ट वाचलेत का? साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय."

"चालायचंच. जुनं झालं की सगळंच थोडं मागेपुढे चालतं," मास्तर हसत म्हणाले.

"हे थोडं नाही. गोळ्या मी देते, पण नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. जेवण नीट, रोजचं चालणं आणि दहा मिनिटं शांत बसणं. तिन्ही बरोबर हवीत. तुमच्या घड्याळातलं एक चाक काढून ठेवलं तर ते चालतं का?"

"नाही चालत."

"मग? उद्या झटका आला तर आधी हात जाईल. आणि तुमचं पोट त्या हातावर आहे."

त्यावर मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं.  

त्यानंतर घरातून फौजच उतरली. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, जातीने डबा करायला घेतला. एका पुडात मूठभर भात, दुसऱ्यात उकडलेली कडधान्यं, तिसऱ्यात पालेभाजी, आणि वर काकडी-गाजराच्या चकत्या. परगावी राहणाऱ्या लेकीने पावलं मोजणारं मनगटी घड्याळ पाठवलं. त्याला घड्याळ म्हणायचं माझ्या जिवावर येतं. ना चावी, ना टिकटिक. पण वडिलांनी किती पावलं टाकली ते म्हणे तिला तिकडे मोबाइलवर दिसायचं.

पहिला आठवडा मास्तरांनी मनापासून केला, खोटं कशाला बोलू? दुपारी गल्लीला फेऱ्या मारल्या, घामाघूम होऊन परत आले, गुडघे चोळत बसले. तीन हजार पावलं झाली होती. बिचाऱ्यांना वाटलं गड जिंकला. तेवढ्यात लेकीचा फोन. दुकानात काम करताना मास्तर फोनचा आवाज मोठा ठेवत, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, तीनच हजार? दहा हजार पाहिजेत हो. माझ्या मैत्रिणीचे सासरे सत्तरीचे आहेत, ते बारा करतात!"

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. लेकीच्या मनात वाईट नव्हतं. पण तीन हजारांचं कुणीतरी कौतुक करायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर उभे राहिले. मी झुलत होतो. त्यांची नजर माझ्याबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरली, आणि मग ओठांवर एक हसू आलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यालाच सुचावी अशी अक्कल सुचली होती. त्यांनी काचेचं दार उघडलं, मनगटावरचं ते यंत्र काढलं आणि माझ्या दांडीला, चकतीच्या खाली, पट्ट्याने आवळून बांधलं. माझा एक झोका, त्यांचं एक पाऊल. सकाळी अकराला बांधलं की एकच्या सुमाराला दहा हजार पूर्ण. मग ते काढायचे, मनगटावर चढवायचे आणि डबा बाहेर काढायचे.

संध्याकाळी फोन. "वा बाबा! दहा हजार! शाब्बास!"

"अगं, मनावर घेतलं की होतं सगळं," मास्तर म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

मला काय वाटलं असेल? उभ्या आयुष्यात मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आता रोज दहा हजार वेळा सांगत होतो. वर त्या ओझ्याने माझा झोका मंदावला आणि घड्याळ मागे पडायला लागलं. रोज संध्याकाळी मास्तर काटा पुढे सारायचे. ज्या माणसाकडे अख्खं गाव आपली वेळ लावायला यायचं, त्याच्याच भिंतीवर मी चुकीची वेळ दाखवत होतो.

डब्याचं सांगतो. तो जायचा किल्लीवाल्याच्या पोटात. "माझी भूकच मेलीय रे, तू खा," असं मास्तर सांगायचे. तो भोळा माणूस खरं मानायचा आणि बदल्यात बेकरीतून मास्तरांसाठी खारी आणि क्रीमचे केक आणायचा. चार महिन्यांत किल्लीवाल्याच्या तोंडावर तुकतुकी आली, पॅन्ट कमरेला सैल व्हायला लागली. काकू म्हणे घरी रिकामा डबा धुवायच्या आणि देवाला हात जोडायच्या. आणि शांत बसणं? "अरे, माझं काम हेच माझं ध्यान," असं मास्तर ज्याला त्याला ऐकवायचे. कसलं ध्यान? केसाएवढी स्प्रिंग बसवताना हात हलू नये म्हणून ते श्वास रोखून धरायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं श्वासाकडे लक्ष द्या, आणि हे इथे श्वासच कोंडून बसायचे. कपाळाची शीर तटतटलेली मला समोरून दिसायची. हाक मारावी म्हटलं तर मला टिक आणि टॉक यापलीकडे शब्द नाही.

"पुढच्या महिन्यापासून खरंच चालायला लागायचं," असं ते अधूनमधून पुटपुटायचे. त्यांना ते खरंच वाटायचं, हेच तर वाईट.

सहाव्या महिन्यात एके दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आठ दिवसांची चावी दिली, अगदी पोटभर. अकराला यंत्र माझ्या दांडीला बांधलं. किल्लीवाला बहिणीकडे गेला होता, त्याचं दुकान बंद होतं. साडेबाराच्या सुमाराला मास्तर कपाळ दाबत उठले. "डोकं का ठणकतंय आज?" असं म्हणाले आणि शटर अर्ध्यावर ओढून परत स्टुलावर बसले. चिमटा उचलला. तो बोटांतून गळून पडला. त्यांनी हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग भिंग पडलं, आणि मग ते स्वतः, उजव्या कुशीवर.

त्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते.

एक वाजता टेबलावरचा फोन वाजला. त्यांचा डावा हात टेबलाच्या पायापर्यंत सरकला आणि तिथेच थांबला. फोन वाजून वाजून बंद पडला. काकूंचा फोन होता तो. मग काकूंनी लेकीला फोन केला, हे मला नंतर कळलं. लेकीने मोबाइल बघितला आणि म्हणाली, "अगं, चालतायत बाबा. नऊ हजारांच्या वर गेलेत. चालताना उचलत नसतील. नको काळजी करू."

चालत मी होतो, मित्रांनो.

मी थांबायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! एकदा तरी अडखळावं, दांडी निसटावी, चकती गळून पडावी. पण मास्तरांनी मला इतकं चोख दुरुस्त केलं होतं की मी एक झोकासुद्धा चुकलो नाही. दोन वाजले, तीन वाजले. त्यांच्या ओठांच्या कडेने लाळ ओघळत होती आणि दर झोक्याला मी कुणालातरी सांगत होतो की हा माणूस ठणठणीत आहे.

चारच्या पुढे शटर खडखडून वर गेलं. काकू आत शिरल्या. फोन कानाशी, आणि बोलणं चालूच.

"चोवीस हजार? माझा नवरा? अगं, कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा मला पिटाळतो तो माणूस!"

मग त्यांना जमीन दिसली. फोन हातातून सुटला. त्यातून लेकीचा आवाज येतच होता, "आई, बघ ना, अजून चालतायत. आत्ता पंधरा पावलं वाढली. आई? आई, ऐकतेयस ना?"

काकूंनी वर माझ्याकडे बघितलं. ते यंत्र माझ्याबरोबर इकडून तिकडे झुलत होतं.  त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या दोन तासांत आणलं असतं, तर हात वाचवता आला असता कदाचित."

दुकान आता बंद आहे. मास्तरांनी खूण करून मागितलं म्हणून आम्हाला घरी आणून त्यांच्या पलंगासमोर टांगलंय. सगळं आता अगदी शिस्तीत चालतं. काकू भरवतात ते मास्तर मुकाट जेवतात. काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन खिडकीपर्यंत जातात आणि परत येतात. मग खुर्चीत डोळे मिटून दहा मिनिटं स्वस्थ बसतात. वेळेवर यातलं अर्धं केलं असतं तर, हे घरात कुणी बोलत नाही.

लेक आली तेव्हा मास्तरांनी जड जिभेने, तुकडे तुकडे करत तिला सांगितलं, "मी... फसवलं... तुला."

"मी तरी काय केलं, बाबा?" ती रडत म्हणाली. "सहा महिने आकडा बघत बसले. तुम्हाला बघायला आले का एकदा तरी?"

मित्रांनो, तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. शरीर तुमचं, ते तुम्हीच राखा. तुमचं जेवण दुसरा जेवू शकत नाही, तुमची पावलं दुसरा टाकू शकत नाही. मी टाकून बघितली, मास्तरांच्या अंगी एकही लागलं नाही. आणि घरातलं मोठं माणूस "मी बरा आहे" म्हणालं, तर त्याला आकडा विचारू नका. बोट धरा आणि त्याच्याबरोबर चार पावलं चालून या. तीनच हजार झाली तरी शाब्बास म्हणा.

माझं तेल आता वाळायला लागलंय. झोका जड होतो, मध्येच कुरकुरतो. मास्तरांना ते खुर्चीतूनही ऐकू येतं. कुठल्या चाकात बिघाड आहे तेही त्यांना कळतं, त्यांच्या भुवयांवरून ते मला दिसतं. "दुसऱ्या कुणाला बोलवू का दुरुस्तीला?" असं लेकीने फोनवर विचारलं तेव्हा ते जोरजोराने मान हलवत म्हणाले, "मी... करीन." काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रोज सकाळी मास्तर डाव्या हाताने उजवा हात उचलतात, समोरच्या टेबलावर ठेवतात आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसतात. काल अंगठा हलला असं काकू म्हणाल्या. लेकीलाही फोन करून सांगितलं, शेजारीही सांगून आल्या. मी समोरच होतो, माझी नजर त्या हातावरच होती. मित्रांनो, मला तो हललेला दिसला नाही.