शेजारची सीट

विहीणबाईंनी निदान एकदा तरी ‘नको’ म्हणायला हवं होतं, असं कुमुदिनीबाईंचं ठाम मत होतं. मुलीकडे दोन महिन्यांसाठी आलेल्या बाईने जावयाच्या मोटारीत अशी टुणकन चढून बसावं, हे कुठल्या रीतीत बसतं?

मोटारही साधीसुधी नव्हे. आइंडहोवन या डच शहरातली नोकरी सांभाळून त्यांच्या लेकाने, अपूर्वने, तीन वर्षं खपून ती घडवली होती, शंभर वर्षांपूर्वीच्या एका डच कारागिराच्या गाडीबरहुकूम. तशाच आणखी करून विकायच्या होत्या. बघायला लोक यायचे, घ्यायला कुणी नाही. त्या कारागिराचंही असंच झालं होतं म्हणे. त्याने गाडी शर्यतीत पळवली, तेव्हा कुठे गिऱ्हाइकं दाराशी आली. म्हणून अपूर्वने हार्लेमजवळच्या जुन्या घडणीच्या गाड्यांच्या शर्यतीत नाव घातलं.

चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरं माणूस लागायचं. त्याने हातपंपाने इंजिनाला तेल पाजत राहायचं. अपूर्वने आधी आईलाच विचारलं होतं. कुमुदिनीबाई म्हणाल्या, माझं काय काम तिथे. पानात जिलबी वाढताना ‘नको’ म्हणतात, तसंच. पुन्हा विचारलं की उठायचं, हे मनात पक्कं होतं; सकाळीच त्यांनी पदराला पिना लावून ठेवल्या होत्या. पण बारा वर्षं इथे राहून पोरगा इथलाच झालेला. नाही म्हणजे नाही. त्याने सासूला विचारलं, आणि लतिकाबाई निघाल्यासुद्धा.

शर्यतभर कुमुदिनीबाई दोरीमागे चहाचा थर्मास धरून उभ्या होत्या. समोरून गाडी गेली की त्यांना लेक दिसायचाच नाही, दिसायचा तो पंपावरचा बांगड्यांचा हात.

गाडी दुसरी आली. माणसांचा गराडा पडला. एका म्हाताऱ्या डच जोडप्याने तिथेच तशी गाडी करायला सांगितली, मागोमाग आणखी एकाने. सगळ्यांना फोटो हवा होता तो तेलवाल्या बाईंबरोबर. अपूर्व लतिकाबाईंच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होता, की या आई नसत्या तर इंजिन जळलंच असतं. तो ‘आई’ शब्द कुमुदिनीबाईंनी ऐकला.

थर्मास सुनेच्या हातात कोंबून त्या गर्दीत शिरल्या. अजून सीटवरच बसलेल्या लतिकाबाईंच्या गालावर काळं तेल लागलं होतं. तेही त्यांना शोभत होतं.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “गाड्या तुमच्यामुळे खपल्या, हे मी चारचौघांत कबूल करते. पण आता उतरा. पुढच्या शर्यतीला माझ्या लेकाशेजारी मी बसणार, आणि ते मी आत्ताच, माझ्या तोंडाने मागून घेतेय.”